सुतक नसलेलं घर

घरात धडधाकट सून असताना परसातल्या दगडावर परकी बाई भांडी घासायला बसली, की गल्लीला दोनच गोष्टी सुचायच्या. सून आजारी तरी आहे, नाही तर माजली तरी आहे. मी आजारी होते, पण दिसायला ठणठणीत. त्यामुळं माझ्या वाट्याला दुसरी गोष्ट आली. गल्लीचं मी कधी मनावर घेतलं नाही. घरातलं मात्र घ्यावं लागायचं, कारण ते रोज ताटात वाढलेलं असायचं.

जळकोटला आमचं घर सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून होतं. पुढं किराण्याचं दुकान, मध्ये दोन खोल्या आणि देवघर, कडेला धान्याची कोठी, मागं परस. लढाईचे दिवस होते. दिवसभर लॉऱ्या जायच्या आणि प्रत्येक लॉरी आमच्या सोप्यावर मूठभर सडक टाकून जायची. सकाळी सारवलेलं दुपारी पांढरं. मी पुन्हा झाडायची आणि मनातल्या मनात त्या लढाईला शिव्या घालायची. लढाई कुणाची आणि कशासाठी हे मला ठाऊक नव्हतं. माझ्यापुरती ती धुळीची होती.

पदरात दोन मुली होत्या, तिसरं पोटात होतं. दुसरीच्या वेळी कंबर धरली ती सुटलीच नव्हती. ह्यांचा दिवस दुकानात जायचा, आठवड्यातून एकदा सोलापूरला माल आणायला जाणं. घर, पोरी, विहीर, म्हैस, चूल सगळं माझ्याकडं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघ्यांमुळं एकदा बसल्या की उठायच्या नाहीत आणि बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. सगळं गाव त्यांना अव्वा म्हणायचं. माझं माहेर आळंदकडचं, कानडी बोलणारं. सासरची मराठी मी आत्याबाईंच्या रागावण्यातूनच शिकले, म्हणून माझ्या मराठीला अजून धार आहे असं मुली म्हणतात.

सहाव्या महिन्यात एका सकाळी विहिरीवरून येताना मला घेरी आली आणि घागरीसकट मी दारात पडले. आत्याबाईंनी आधी घागर उचलून तिला पोचा आला का ते पाहिलं, मग मला. त्या रात्री जेवताना ह्यांनी मान वर न करता सांगितलं की घरकामाला बाई बघा. लग्नाला सात वर्षं झाली होती. घरातल्या कामाविषयी हे पहिल्यांदाच बोलले होते. आत्याबाईंनी ताट सरकवलं. मी एकटीनं हे सगळं केलं, मला कुणी बाई ठेवली होती का, असं त्या दोन दिवस भिंतीला विचारत होत्या. भिंतीला, कारण मला विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

शेवटी त्या तयार झाल्या, पण आपल्या अटीवर. बाईनं झाडलोट करायची, सोपा-परस सारवायचं, पण मागचा उंबरा ओलांडून आत यायचं नाही. भांडी परसातच राखेनं घासायची, धुऊन दगडावर पालथी घालायची आणि बाजूला व्हायचं. मग आमच्यापैकी एकीनं तांब्या घेऊन जायचं, एकेका भांड्यावर पाणी घालायचं आणि आत आणायचं.

आम्ही लिंगायत. आमच्यात विटाळ मानत नाहीत. बाळंतपणाचा नाही, महिन्याचा नाही, मरणाचा नाही. गळ्यात लिंग असलं की माणूस सदा शुद्ध, हे मी जन्मापासून ऐकत आले. आत्याबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हे मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. मग परक्या हातच्या भांड्यांवर पाणी कशाला, असं मी एकदा विचारलं. तो विटाळ नव्हे, ती टापटीप, असं त्या म्हणाल्या.

पहिली बाई आठवडाभर टिकली. तिला त्या पाण्याचा राग आला. मी घासलेलं तुम्हाला घाण वाटत असेल तर तुमचं तुम्ही घासा, असं सांगून ती गेली. मला ती मनापासून आवडली होती. पण माझ्या कंबरेला तिचा स्वाभिमान परवडणारा नव्हता.

दुसरी आली ती मराठ्याची विधवा होती. चाळिशीच्या आतबाहेरची, काटक, कपाळ मोकळं. वरच्या आळीला एका ब्राह्मणाच्या घरीही ती भांडी घासायची. एकच लेक, ती सोलापूरच्या बाजूला, निजामाच्या सरहद्दीपलीकडच्या एका खेड्यात दिलेली. मी तिला अक्का म्हणू लागले. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी तिला उभं करून सगळे नियम ऐकवले. शेवटी म्हणाल्या, आमच्यात विटाळ नसतो, तेव्हा महिन्याचे चार दिवस घरी बसायचं नाही, रोज यायचं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचता खोचता म्हणाली, "त्या बामनाघरी म्या चार दिस जात न्हाय बगा. विटाळ हाय म्हनून तर बाईला बूड टेकाया मिळतं, अव्वा."

आत्याबाईंना हे झोंबलं. असल्या अडाणी बाईला धर्म काय कळणार, असं त्या संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या माहेरी-सासरी बाया महिन्याचे तीसही दिवस चुलीपाशी होत्या, आणि त्याचा आम्हांला अभिमान होता. शेजारणी चार दिवस बाजूला बसायच्या तेव्हा आम्ही त्यांना नावं ठेवायचो. त्या तेवढे दिवस बसलेल्या असायच्या, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पाण्याचं अक्कानं कधी वाईट वाटून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. भांडी पालथी घालून ती बाजूला उभी राहायची आणि मला म्हणायची, घाला वैनी, तान्ह्या लेकरावानी न्हाऊ घाला. मी हसायची. आतून आत्याबाई विचारायच्या, कशाला खिदळताय, पाणी घातलं का? घातलं, असं मी म्हणायची. हे रोजचं.

तिसरीही मुलगीच झाली. आत्याबाईंनी बाळंतिणीचं सगळं केलं, पण मुकाट्यानं. त्यांचं मुकं राहणं ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती. पोर अशक्त होती आणि रडकी होती. तिला एकच आवाज गप्प करायचा, परसात तांब्यापितळेची भांडी घासल्याचा. खसाखसा आवाज सुरू झाला की ती हुंदका अर्धा टाकून कान द्यायची. अक्काच्या हे लक्षात आलं तेव्हापासून पोर रडायला लागली की ती घासून झालेली परातच पुन्हा घ्यायची आणि घासत बसायची. आमची एक परात त्या वर्षात इतकी झिजली की तिची कड हाताला लागायची.

सातव्या महिन्यात, उन्हाळ्यात, तिला जुलाब लागले. तुळजापूरच्या वैद्याचं औषध आलं, आमच्या जंगम स्वामींचा अंगारा आला, सगळं आलं आणि ती गेली. दुपारी गेली. संध्याकाळी शेताच्या बांधाला ह्यांनी आणि दिरांनी तिला मातीत ठेवलं. बेलाचं पान, विभूती, मूठ मूठ माती. स्वामी येऊन गेले, घरात तीर्थ शिंपडलं, सगळ्यांनी अंघोळी केल्या. झालं. भेटायला आलेल्या बायांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मुलगीच होती, असं एकीनं हळूच म्हटलं. ती बाई पुढं पुष्कळ वर्षं जगली, आणि तिचं तोंड बघायची माझी इच्छा कधीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आत्याबाईंनी मला हलवलं. म्हणाल्या, ऊठ, सडा घाल, चूल पेटव, पोरींना भूक लागंल. त्या चिडून बोलत नव्हत्या. रोजच्यासारखंच बोलत होत्या. आमच्यात सुतक नसतं, त्यामुळं काल आणि आज यांत काही फरक नव्हता. मी उठले. शेणाची पाटी घेतली. छाती दुधानं दगड झाली होती, चोळी भिजली होती. अंगणात वाकले आणि वाकलेलीच राहिले. वर होता येईना. रडूही येत नव्हतं. कुणी मला त्या जागेवर माती घालून बुजवलं असतं तरी मी हलले नसते, असं ते होतं.

तेवढ्यात अक्का आली. ती माझ्याकडं आली नाही. सरळ मागच्या दारी गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं अव्वांना हाक मारली. पुढचं सगळं मी अंगणातून ऐकलं.

ती म्हणाली की तिला आता यायला जमायचं नाही. आत्याबाईंनी कारण विचारलं. अक्का म्हणाली, ह्या घरात मरण झालंय. तुमच्यात सुतक नाही, पण माझ्यात आहे, आणि वरच्या आळीला तर फारच आहे. जिचं लेकरू गेलं तिच्या हातची भांडी घासून मी तिकडं गेले तर त्या बाई मला पायरी चढू देणार नाहीत. माझी दोन्ही घरं जातील. आत्याबाई आधी धर्मावर गेल्या. अक्का नाही नाही म्हणत राहिली. मग त्या गुडघ्यांवर आल्या. मी अशी, सून तशी, तू नाही आलीस तर घर कसं चालायचं? अक्कानं मोठा विचार केल्यासारखा सुस्कारा सोडला. मग म्हणाली, "एक करा अव्वा. सुतक लागतंय ते आईला. वैनीला दहा दिस कोठीत बाजूला बसवा. त्येनी भांड्याला, चुलीला, कशाला हात लावायचा न्हाय. मग म्या येते. वरच्या आळीला बी सांगाया तोंड ऱ्हाईल."

मग आत्याबाई भिंतीला धरत अंगणात आल्या. माझ्या हातातली पाटी त्यांनी काढून घेतली आणि कोठीकडं बोट केलं.

कोठीत ज्वारीची पोती होती आणि एक झरोका. तिथं घोंगडीवर मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला काही करायचं नव्हतं. सारवण, विहीर, शेणगोठा सगळं अक्का बघायची. स्वयंपाक आत्याबाई करायच्या, कण्हत करायच्या, पण करायच्या. पोरींना दारातूनच मला बघायची परवानगी होती. धाकटी उंबऱ्यावर बसून विचारायची, बाळ कुठं गेलं? थोरली तिला गप्प करायची. दूध आटावं म्हणून अक्कानं कुठून तरी मोगऱ्याची फुलं आणली आणि छातीला बांधायला लावली. दुसऱ्याच दिवशी ती फुलं काळी पडून कुजका वास मारायला लागली. अजून मला मोगरा सोसत नाही. मुलींच्या लग्नातसुद्धा मी तो माळला नाही.

पहिले दोन दिवस मी नुसती पोत्यांकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी परसात अक्का परात घासायला बसली. खसाखसा आवाज सुरू झाला आणि माझा हात आपोआप शेजारी गेला, पोर गप्प झाली का बघायला. हात घोंगडीवर पडला. तेव्हा मला रडू आलं. मी मोठमोठ्यानं रडले, लाज सोडून. परसातला आवाज थांबला नाही. उलट वाढला. घासून झालं तरी अक्का घासतच होती, माझं रडणं सडकेवर ऐकू जाऊ नये इतक्या जोरानं. मी किती वेळ रडले मला माहीत नाही, पण थांबले तेव्हाच ती थांबली.

एका दुपारी आत्याबाई भाकरीचं ताट घेऊन आल्या आणि ताट ठेवून कोठीच्या दारातच बसल्या. मला वाटलं, गुडघ्यांमुळं त्यांना आता उठणं अवघड जाईल, म्हणजे रागावणं सुरू होणार. पण त्या रागावल्या नाहीत. झरोक्याकडं बघत म्हणाल्या, "मी चौघं मातीत ठेवली. चारी बारीला दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. मला कुनी कोठीत बसवलं न्हाई."

त्यांची चार मुलं गेली होती हे मला त्या दिवशी कळलं. सात वर्षं एका घरात राहून कळलं नव्हतं. ह्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक ह्यांनाही ठाऊक नसावं. मला त्यांची कीव आली आणि त्यांच्याविषयी राग होता तोही तसाच राहिला. दोन्ही एकदम असू शकतं, हे मी तेव्हा शिकले.

दहा दिवस झाले. मी उठले, न्हाले, चुलीपाशी गेले. दुःख काही गेलं नव्हतं. पण मला वाकता येत होतं आणि वर होताही येत होतं. ते दहा दिवस मिळाले नसते तर मी विहिरीत गेले असते, असं मला आजही वाटतं. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. वाटतं ते सांगते.

पुढं दिवाळीच्या सुमारास वरच्या आळीच्या त्या ब्राह्मणबाई दुकानात आल्या होत्या. ह्यांनी त्यांना घरात बसायला सांगितलं. बोलता बोलता मी माझ्या दहा दिवसांच्या सुतकाचं बोलले. त्यांच्यामुळंच मला बसायला मिळालं, म्हणून जरा आभार मानल्यासारखं. त्या चकित झाल्या. म्हणाल्या, एवढ्याशा लेकराचे कसले दहा दिवस? दात यायच्या आतलं पोर, त्याला एक दिवस, फार तर तीन. आणि अक्काला तर मी काहीच बोलले नव्हते, असं त्या म्हणाल्या. ती अंघोळ करून आली असती तर मला चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अक्काला गाठलं. ती राखेनं तपेलं घासत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुमच्यात सुतकच न्हाय. मग एक का तीन का दहा, तुमच्यात कुनाला म्हाईत हाय?" आणि हसली. मग हसू पुसून म्हणाली, म्या धा सांगितलं. वीस सांगाया पायजे हुतं.

मला तिथंच एकदम रडू आलं, आणि तिनं पुन्हा तपेलं जोरानं घासायला घेतलं. आत्याबाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. आमच्या घरात सुतकाचा हिशेबच कुणाला ठाऊक नव्हता, त्यामुळं आत्याबाई फसल्या होत्या, असं मी धरून चालले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी रजाकारांचे दिवस आले. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता आणि आम्ही निजामातच होतो. सडकेवरच्या लॉऱ्या थांबल्या. धूळ बसली, आणि मला त्या धुळीची आठवण यावी अशी शांतता पसरली. सोलापूरकडचा माल बंद झाला. बरेच बापे सरहद्द ओलांडून गेले, त्यांत हेही गेले. घरात आत्याबाई, दोन मुली आणि मी. दुकानाला कुलूप. अक्का मात्र रोज यायची. अंधार पडायच्या आत आपल्या घरी जायची आणि उजाडलं की परत हजर. तिची लेक पलीकडं पोटुशी होती. तिचं पहिलंच. बाळंतपणाला आणायचं ठरलं होतं, पण नाके बंद, बंदुका घेऊन माणसं उभी. आज जाईन, उद्या जाईन म्हणत अक्का दर चार दिवसांनी गाठोडं बांधायची आणि सोडायची.

एका सकाळी अक्कानं भांडी घासली, धुतली, दगडावर पालथी घातली. मी तांब्या घेऊन बाहेर आले. बघते तर ती स्वतःच लोटीनं पाणी घेऊन एकेका भांड्यावर घालत होती. सावकाश, एकही न विसरता. इतक्या वर्षांत तिनं हे कधी केलं नव्हतं. ते आमचं काम होतं, तिच्या हाताचं भांड्यांना लागलेलं काढायचं. तिचे केस ओले होते.

काय झालं, मी विचारलं. ती घालतच राहिली. शेवटच्या वाटीवर पाणी घालून लोटी खाली ठेवली आणि म्हणाली, "लेक गेली, वैनी. बाळातपनात. लेकरूबी गेलं."

बातमी काल दिवेलागणीला आली होती. आडरानातून सरहद्द ओलांडून आलेल्या एका कासारानं सांगितली. जाऊन सहा दिवस झाले होते. जाळूनही झालं होतं. अक्कानं रात्री भावकीतल्या म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं सांगितलं की दिलेली लेक परक्याची, तिचं आईला तीनच दिवस, आणि बातमी यायच्या आत ते होऊन गेले. आता डोक्यावरून पाणी घेतलं की संपलं. तिनं पाणी घेतलं. संपलं.

"सुतक फिटलं म्हनत्यात," ती म्हणाली. "पर माझ्या हाताला हाय आजून. तुमच्या भांड्यास्नी कशाला."

मी तिचा हात धरला. म्हटलं, अक्का, बसा. कोठीत बसा. मी करते सगळं. ती म्हणाली, कुठल्या नावानं बसू? वरच्या आळीला काय सांगू? त्यांना सगळे नियम पाठ आहेत, तीन दिवस कधीच फिटले हे त्या बोटावर मोजून दाखवतील. पोट आहे, ते घर सोडता येत नाही.

मागच्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना धरून. त्या अक्काला म्हणाल्या, "तवा माझ्या सुनेला तिनाचं दहा केलंस. मला काय कळत नव्हतं? माझ्या जावेचं माहेर मराठ्यांच्या शेजारात हुतं, मला सगळे हिशेब ठावं. आता तुझं तू कर. आमच्यात सुतक न्हाई, म्हंजी किती दिवस बसायचं तेबी कुनी ठरवलेलं न्हाई. ये आत. बस."

आणि त्या चौकटीतून बाजूला झाल्या. मागचा उंबरा मोकळा झाला. एवढ्या वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत अक्काचं पाऊल पडलं नव्हतं.

अक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मग उंबऱ्यापाशी आली आणि आत न येता बाहेरच्या पायरीवर बसली. आत्याबाई आतल्या बाजूला बसल्या, उठायला किती त्रास होणार हे माहीत असून. दोघींच्या मध्ये उंबरा. मी चूल पेटवायला आत गेले, कारण मुलींना भूक लागली होती. परत आले तेव्हा अक्का उभी राहून पदर झटकत होती. म्हणाली, अव्वा, बसले तर मी उठायची नाही. वरच्या आळीची भांडी तशीच पडली असतील. आणि गेली. आत्याबाईंनी तिला थांबवलं नाही. त्यांनी चार वेळा हेच केलं होतं.

ती एक दिवसही चुकली नाही. रोज यायची, झाडायची, सारवायची, घासायची आणि शेवटी लोटी घेऊन स्वतःच भांड्यांवर पाणी घालायची. मी तांब्या घेऊन बाहेर जाणं सोडून दिलं. रडताना मी तिला कधी पाहिलं नाही. तिच्यासाठी परात घासत बसणारं कुणी नव्हतं. एकदा मी परात ओढून घेतली आणि घासायला बसले, मुद्दाम जोरजोरानं. ती माझ्या शेजारी उकिडवी बसून बघत राहिली. म्हणाली, राख जास्त घेताय वैनी. एवढंच.

मग एका सकाळी मी बाहेर आले तर भांडी दगडावर नुसती पालथी होती आणि ती बाजूला उभी होती, पूर्वीसारखी, माझी वाट बघत. मी मनात मोजलं. दहा दिवस होऊन गेले होते. तिनं आपले आपण दहा मोजले होते, कुणाला न सांगता, उभ्या उभ्या, काम करता करता.

घाला वैनी, ती म्हणाली. लेकराला न्हाऊ घालायचं ती आता म्हणाली नाही, पुढंही कधी म्हणाली नाही.

माझ्या हातात भरलेला तांब्या होता. मी तो तुळशीत ओतला आणि भांडी तशीच उचलून आत घेऊन गेले. आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी सवयीनं विचारलं, पाणी घातलं का? मी म्हटलं, घातलं. त्यांनी माझ्या हातातलं वरचं पातेलं घेतलं, त्यावरून हात फिरवला. उन्हानं ते कोरडं ठणठणीत झालं होतं. हात कोरडाच राहिला, तो त्यांनी बघितला. मग बरं म्हणाल्या आणि त्यात आधण ठेवलं.